पुण्याहून बडोद्याला बदली झाली आहे, मुलांना ऑनलाइन शाळेत घालावं का?

तुम्ही लिहिलंय की मिस्टरांची बदली बडोद्याला झाली, मुलगा आठवीत आणि मुलगी दुसरीत आहे, दोघांनाही गुजराती येत नाही आणि एक ऑनलाइन शाळा दोघांना प्रवेश द्यायला तयार आहे. पुन्हा बदली झाली तरी शाळा बदलायला नको, हा तुमचा मुख्य मुद्दा. मी इथे बडोद्यात, दांडिया बाजारात, आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवते. कोविडच्या काळात ते फोनवरून शिकवलं आणि बाहेरगावी गेलेली काही मुलं अजूनही ऑनलाइनच बसतात. तेवढ्यावरून सांगते: मुलीला अजिबात नको. मुलाचं बोलू.

आधी गुजरातीची धास्ती काढून टाकू, कारण तुमच्या प्रश्नाच्या मुळाशी तीच दिसते. २०२३ च्या कायद्याने गुजरातमधल्या सगळ्या शाळांना, सीबीएसईच्या सुद्धा, पहिली ते आठवी गुजराती शिकवावं लागतं. पण बाहेरच्या राज्यातून आलेल्या मुलासाठी पालकांनी लेखी अर्ज केला तर सूट मिळण्याची सोय त्याच कायद्यात आहे. मुलासाठी हवी तर मागा, मुलीसाठी मागू नका. देवनागरी वाचणाऱ्या मुलांना गुजराती अक्षरं फार लवकर लागतात (वरची रेघ गेली की निम्मं काम झालं), आणि बोलायला तर सोसायटीतली पोरंच शिकवतात. इथल्या मराठी घरांत मुलं भांडतात गुजरातीत आणि जेवायला मागतात मराठीत.

आता मुलगी. दुसरीतलं मूल ऑनलाइन शाळेत घातलं की शाळा तुम्ही चालवायची असते, फी मात्र दुसरा घेतो. म्यूट काढणं, पान उघडून देणं, पेन्सिल नीट धरली का बघणं, ‘मॅम, मला दिसत नाही’ म्हणून रडली की समजावणं, हे सगळं घरातल्या मोठ्या माणसाकडे येतं. कोविडच्या ऐन भरात, जुलै २०२० मध्ये, केंद्र सरकारने ‘प्रज्ञाता’ नावाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या. त्यात पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची जास्तीत जास्त दोन सत्रं सांगितली होती. म्हणजे शाळा बंद असतानाही स्क्रीनवरची शाळा दीड तासाच्या वर नको, असं त्यांचं म्हणणं. उरलेला दिवस कोण सांभाळणार? तुम्ही इथे नोकरी बघताय असंही लिहिलंय. दोन्ही होणार नाही, ताई. ऑनलाइन शाळेच्या जाहिरातीत मुलाचा वेळ वाचतो असं असतं, आईचा किती जातो ते कुठेच नसतं.

लहान मुलांचं वाचन किती नाजूक असतं ते ‘असर’च्या, म्हणजे मुलांना वाचता-मोजता किती येतं ते घरोघरी तपासणाऱ्या, ग्रामीण पाहणीत दिसलं होतं. देशभरात तिसरीतल्या मुलांपैकी दुसरीचा उतारा वाचू शकणारी २०१८ मध्ये २७.३ टक्के होती, २०२२ मध्ये २०.५ राहिली. हे आकडे खेड्यांतले आहेत, तिथे कित्येक घरांत स्मार्टफोनच नव्हता, म्हणून सगळा दोष ऑनलाइनच्या माथी मारणं बरोबर नाही. तरी पहिली-दुसरीत शाळा तुटली की काय होतं ते त्यातून कळतं.

जाता जाता, तुम्ही ज्या गावात आलात तिथली एक गोष्ट. सयाजीराव महाराजांनी सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण १८९३ मध्ये अमरेली भागात सुरू केलं आणि १९०६ मध्ये सगळ्या बडोदा संस्थानाला लागू केलं. पुढे १९१० पासून ग्रंथालय खातं उभं राहिलं, लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून गावोगाव पाठवली जायची. ज्ञान घरपोच देण्याची कल्पना इथे नवी नाही. पण पेट्या पाठवणाऱ्या त्याच राजाने मुलांना घराबाहेर काढून शाळेत बसवायची सक्तीही केली होती.

मुलाचं जरा वेगळं आहे. तेरा-चौदाच्या वयात ऑनलाइनमध्ये काही गोष्टी खरंच चांगल्या होतात, हे मी माझ्या वर्गात बघते. अवयव पाडायचं गणित एकदा नाही कळलं तर रेकॉर्डिंग पुन्हा लावता येतं, आणि लाजाळू मुलं चॅटमध्ये विचारतात. समोर कधी हात वर न करणारी एक मुलगी रात्री साडेनऊला मला उदाहरणाचा फोटो पाठवून ‘ही पायरी कुठून आली?’ विचारते. वर्गात तिने दहावी संपेपर्यंत विचारलं नसतं. ज्या मुलाचा शाळेत छळ झालाय, जो आजारी आहे किंवा दिवसाचे पाच तास मैदानावर असतो, त्याला हा मार्ग सोडवतो सुद्धा.

माझी अडचण वहीची आहे. समोर बसलेल्या मुलाचं पेन कुठल्या ओळीवर थांबलं ते मला दिसतं. तिथेच बोट ठेवलं की काम होतं, बहुतेक वेळा चूक चिन्हाची असते. स्क्रीनवर मला फक्त कपाळ आणि पंखा दिसतो. उत्तर येतं तेव्हा ते बरोबर असतं, कारण ते कुठून तरी उतरवलेलं असतं. भूमितीच्या रचना तर विचारूच नका, कंपास हलला की नाही ते कॅमेऱ्यात कळत नाही. हुशार आणि शिस्तीचं पोरगं हेही निभावून नेतं. मधलं पोरगं, म्हणजे बहुतेक पोरं, चार महिने ‘समजलं मॅम’ म्हणत राहतं आणि परीक्षेत सापडतं.

त्याहून मोठा प्रश्न कागदाचा. त्या शाळेला एकच विचारा: दहावीच्या गुणपत्रिकेवर नाव कोणत्या बोर्डाचं असेल? शाळेच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असलं म्हणून बोर्डाची मान्यता मिळते असं नाही. अशा बऱ्याच शाळा शेवटी मुलाला एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या परीक्षेला बसवतात. त्यात गैर काही नाही. १९८९ पासूनची सरकारी संस्था आहे, वर्षातून दोनदा सार्वजनिक परीक्षा होते, नोंदणी पाच वर्षं चालते, दहावी मराठी माध्यमातूनही देता येते. पण तिथे दहावीच्या प्रवेशाला वय १४ पूर्ण लागतं, आणि ते तुम्ही स्वतः भरू शकता, मध्ये कोणी लागत नाही. कोणी म्हणालं की ‘नाव सीबीएसई शाळेत ठेवू, अभ्यास घरी करा’, तर फोन ठेवून द्या. सीबीएसईच्या बोर्ड परीक्षेला ७५ टक्के हजेरी लागते आणि अशा डमी प्रवेशांवर मंडळ आता कारवाई करतं.

आणि आठवीतला मुलगा नव्या गावात आलाय, हे विसरू नका. पुण्याचे मित्र तिकडे राहिले. इथे नवरात्रात गरब्याला कोणाबरोबर जाणार, उत्तरायणाला कोणाच्या गच्चीवर पतंग उडवणार? हे ग्रुप शाळेत आणि शाळेच्या बसमध्ये जमतात. घरात बसलेल्या मुलाला मित्र मिळतात ते गेममधले. माझ्याकडे बदलीवर आलेली मुलं येतात, पहिले दोन महिने सगळीच गप्प असतात, मग त्यांना गप्प करावं लागतं.

बदल्यांची काळजी खरी असेल तर केंद्रीय विद्यालयात चौकशी करा. सरकारी बदलीच्या नोकरीतल्या पालकांना तिथे प्राधान्य असतं. नाहीतर सीबीएसईची साधी शाळा, म्हणजे पुढच्या गावी तोच अभ्यासक्रम मिळेल. सत्राचं लक्षात ठेवा: सीबीएसईचं एप्रिलमध्ये सुरू होतं, गुजरात बोर्डाचं जूनमध्ये.

ऑनलाइनचा एक उपयोग मात्र मी तुम्हाला आवर्जून सांगेन, तो म्हणजे मराठी. इथल्या मराठी माध्यमाच्या शाळा कमी होत गेल्या. बालभारतीची पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट उतरवून घेता येतात, ‘दीक्षा’ या सरकारी शिक्षण-ॲपवर मराठी पाठ आहेत. आठवड्यातून दोन संध्याकाळी अर्धा तास, तुम्ही शेजारी बसून. मुलगी मराठी वाचायची राहणार नाही.

घर कुठे घेतलंय ते लिहा, मांजलपूरला, अलकापुरीला की आणखी कुठे. त्या बाजूच्या शाळांमध्ये माझ्याकडची मुलं आहेत, त्यांच्या आयांना विचारून कळवते.