कायद्याची पदवी नसताना कोल्हापूरच्या विधी सेवा कार्यालयात पॅरालीगल म्हणून काम करता येतं का? काम नेमकं काय असतं?

तुम्ही लिहिलंय की बी.ए. झालंय, घर कोल्हापुरातच आहे, कायद्याची आवड आहे. तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात, म्हणजे मोफत वकील नेमून देणाऱ्या कार्यालयात, पॅरालीगल म्हणून काम मिळेल का आणि त्यातून सरकारी नोकरी होईल का. पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही. मी स्वतः हे काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

आमच्याकडे या माणसाला सगळे पीएलव्ही (पॅरालीगल व्हॉलंटिअर) म्हणतात, कागदोपत्री विधी स्वयंसेवक. नालसाची, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची, ही योजना २००९ ची. वकिलीची पदवी लागत नाही. साधारण दहावी झालेला, कुठल्या राजकीय पक्षात नसलेला आणि लोकांत मिसळणारा माणूस चालतो. निवृत्त शिक्षक, अंगणवाडी सेविका, बचत गटातल्या बायका, लॉ कॉलेजची मुलं, असे सगळे त्यात येतात. निवड झाली की प्रशिक्षण आणि ओळखपत्र. पैसे म्हणाल तर ज्या दिवशी काम दिलं त्या दिवसाचं मानधन. पगार, पेन्शन, कायम होणं यातलं काही नाही आणि घर यावर चालत नाही, हे आधीच मनाशी पक्कं करा. उद्या शहाजी लॉ कॉलेजला प्रवेश घेतलात तर शिकता शिकता हे करता येईल. वकिलीची सनद घेतली की मात्र पीएलव्ही राहता येत नाही. पगाराची नोकरीच हवी असेल तर न्यायालयाच्या लिपिक भरतीकडे बघा, ती वाट वेगळी.

आता काम. कसबा बावडा रोडवरच्या न्यायसंकुलात आमचं कार्यालय आहे. जिल्ह्याच्या बाराही तालुक्यांतून माणसं येतात. चंदगडकडचा माणूस पहाटेची एसटी धरून आलेला असतो. हातात कापड दुकानाची पिशवी आणि तिच्यात घरातले सगळे कागद: रेशन कार्ड, वीजबिल, सातबाराचे जुने उतारे आणि मधेच कुठंतरी घडी घातलेलं समन्स. "बाई, ह्यो कागद कशाचा हाय त्येवढं सांगा." बहुतेकांची सुरुवात याच वाक्यानं होते.

मी आधी तारीख बघते. दावा कशाचा आहे, खरं कोण, खोटं कोण, ते सगळं नंतर. समन्स हातात पडलं कधी, हजर राहायचं कधी, ती तारीख गेली का? दिवाणी दाव्यात समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत कैफियत, म्हणजे आपलं लेखी उत्तर, द्यायची असते; कोर्टानं सवलत दिली तर ९० दिवसांपर्यंत. पण गावात समन्स फळीवर जाऊन बसतं, कारण समोरचा भाऊबंदच असतो आणि "आपण बसून मिटवू की" म्हणत असतो. मिटवामिटवीच्या बोलण्यात दोन-तीन महिने जातात आणि तिकडं दावा एकतर्फी चालायचा हुकूम होतो. अशा वेळी ई-कोर्टच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा ओळख क्रमांक) घालून मागच्या तारखांना काय झालं ते बघायचं, अर्ज भरून घ्यायचा आणि त्याच दिवशी प्राधिकरणाच्या सचिवांसमोर ठेवायचा, म्हणजे मोफत वकील नेमला जातो. आमच्या कामाचा जीव या मुदतीत आहे. कायदा वकिलांना आमच्यापेक्षा शंभर पटीनं जास्त येतो, पण माणूस वकिलापर्यंत मुदतीत पोचवणं आमच्या हातात असतं.

मोफत वकील कुणाला मिळतो, हे तुम्हाला तोंडपाठ लागेल. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा, त्याचं कलम १२. स्त्री, बालक, अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वर्षाला ३ लाखांची मर्यादा आहे. पुरासारख्या आपत्तीत सापडलेला माणूसही या कलमात बसतो. २०१९ आणि २०२१ चे पूर सोसलेल्या शिरोळ-हातकणंगल्याच्या गावांत हे घराघरांत माहीत असायला हवं, असं मला फार वाटतं. आणि बाई कितीही चांगल्या घरची असली तरी तिला मोफत वकील मागता येतो. हे सांगितलं की समोरच्या बाईचा विश्वास बसत नाही, कलम उघडून दाखवावं लागतं.

माझा सगळ्यात जास्त जीव गुंततो तो हक्कसोडपत्राच्या, म्हणजे वाटणीचा हक्क सोडल्याच्या दस्ताच्या, प्रकरणांत. वडील वारलेले असतात. भाऊ फोन करतो, "ताई, वारस नोंदीला सही लागतीया, उद्या तालुक्याला ये." ती येते. सही, अंगठा, फोटो सगळं होतं, पण ते दुय्यम निबंधकाच्या, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, टेबलावर. पुढं कधीतरी तिचा मुलगा ऑनलाइन सातबारा काढतो आणि त्यावर आईचं नावच नसतं. वारस नोंदीसाठी निबंधकाच्या कार्यालयात जावंच लागत नाही, ते काम तलाठ्याकडं होतं. एवढी एक गोष्ट तिला आदल्या दिवशी कुणी सांगितली असती तर सही करायची की नाही हे तिनं स्वतः ठरवलं असतं. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मानं हक्क आहे. हिंदू वारसा कायद्यातली ९ सप्टेंबर २००५ पासूनची ती दुरुस्ती, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलंय. फेरफाराची (सातबाऱ्यावरच्या नावांतल्या बदलाची) नोटीस आली असेल तर १५ दिवसांत तलाठ्याकडं लेखी हरकत द्यायची, पोच घ्यायची. फसवून सही घेतली असेल तर दस्त रद्द करून मागायचा दावा कळल्यापासून ३ वर्षांत लावावा लागतो. बायका मात्र माहेर तुटेल म्हणून गप्प बसतात. मी त्यांना भांडा असं कधीच म्हणत नाही, तो माझा अधिकार नाही. मुदत कुठल्या तारखेला संपते ते कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून देते. राखी बांधून हक्क सोडायचा असेल तर तोही त्यांनी समजून-उमजून सोडावा.

दुसरं मोठं काम कळंब्याच्या कारागृहातलं. जामीन मंजूर झाला म्हणजे माणूस सुटला असं बाहेरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात जामीनदार मिळत नाही, ऐपतीचा दाखला मिळत नाही, घरच्यांना हुकूम झाल्याचाच पत्ता नसतो आणि माणूस आतच राहतो. ३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की जामिनानंतर ७ दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंग अधीक्षकानं जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं आणि सचिवांनी पीएलव्ही किंवा तुरुंगात भेटी देणारा वकील त्याच्याकडं पाठवायचा. म्हणजे सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशात तुमच्या-माझ्यासारख्या माणसाचं काम नोंदलेलं आहे. तिथं आम्ही करतो ते साधंच. घरचा फोन नंबर विचारायचा, गावच्या पोलीस पाटलामार्फत निरोप द्यायचा, जामीनदार का मिळत नाही ते विचारून सचिवांना लेखी द्यायचं. गरज पडली तर मग वकील अट शिथिल करण्याचा अर्ज देतात.

सांभाळायच्या गोष्टी थोड्या आहेत, पण कडक आहेत. "केस जिंकणार का?" याला उत्तर द्यायचं नाही. ओळखीच्या वकिलाचं नाव सुचवायचं नाही. काही घ्यायचं नाही. काम झालं की कुणी प्रेमानं काकवीची बाटली घेऊन येतं आणि ती परत देताना जीवावर येतं. तरी परत द्यायची. टेबलावर बाटली दिसली की पुढच्या माणसाला वाटतं, आपणही काहीतरी आणायला हवं होतं.

१८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथं सुरू झाल्यावर अपिलाचे प्रश्नही टेबलावर वाढले. पूर्वी हायकोर्ट म्हटलं की मुंबईचा खर्च आठवून माणूस तिथंच थांबायचा. आता "हायकोर्टातबी फुकट वकील मिळतोय व्हय?" असं विचारतात. मिळतो, त्याच कायद्याखाली.

भरतीची सूचना जिल्हा न्यायालयाच्या संकेतस्थळावर आणि फलकावर लागते. तोवर पुढच्या राष्ट्रीय लोकअदालतीला न्यायसंकुलात येऊन दिवसभर बघत बसा. तिथल्या निवाड्यावर अपील नाही, भरलेली कोर्ट फी परत मिळते. तडजोडीवर सही करण्याआधी लोकांना हे कुणीतरी समजावून सांगतंय का, तेवढं बघा. ते सांगणं पुढं तुमच्याकडं येईल. आणि घरी बसून सातबारा, आठ-अ, फेरफार वाचायला शिका, मराठी टायपिंग करा. कायद्याची ओळख प्रशिक्षणात करून देतात. या दोन गोष्टी तिथं फारशा होत नाहीत आणि टेबलावर पहिल्या दिवसापासून त्याच लागतात.