एकाकडे कागद, दुसऱ्याकडे मूठभर वाळू

प्रश्न : मुलगी ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्सला नर्स आहे आणि मुलगा अमेरिकेत टल्साला इंजिनियर. रविवारी तिघं व्हिडिओ कॉलवर जमतो आणि गेले दोन महिने दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजतंय. मुलगा म्हणतो, आमच्याकडच्या क्रीक लोकांचं स्वतःचं सरकार, स्वतःचे पोलीस, स्वतःचं हॉस्पिटल, गाड्यांच्या नंबर प्लेटसुद्धा स्वतःच्या. मुलगी म्हणते, माझ्या वॉर्डात येऊन बघ, चाळिशीतली माणसं डायलिसिसला आणि बहुतेक सगळी तिथली मूळची. दोन्हीकडे इंग्रजच गेले ना, मग एकाचं असं नि दुसऱ्याचं तसं का? आणि क्रीक म्हणजे आपल्या कच्छच्या सर क्रीकसारखी खाडी ना, मग माणसांना खाडी का म्हणतात?
— एक निवृत्त शिक्षिका, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : बाई, शेवटचं आधी घेतो, ते सोपं आहे. अमेरिकेत क्रीक म्हणजे ओढा. हे लोक म्हणजे अमेरिकेतली एक मूळ जमात, मूळचे जॉर्जिया, अलाबामाकडचे, नदीनाल्यांच्या काठाने गावं करून राहायचे, इंग्रज व्यापाऱ्यांनी ओढ्यावरचे लोक म्हणून नाव पाडलं ते चिकटलं. ते स्वतःला मस्कोगी म्हणतात आणि त्यांचं सरकारही आता मस्कोगी नेशन असंच लिहितं. दुसऱ्याने पाडलेलं नाव वागवायची सवय आपल्यालाही आहे म्हणा, बडोद्याचं बरोडा अजून कुठे सुटलंय.

आता भांडणाकडे. मुळात मुलं जी तुलना करतायत ती जरा तिरपी आहे. मस्कोगी हा एक समाज, लोक लाखाच्या आसपास, राजधानी ओकमल्गी नावाचं छोटं गाव. ऑस्ट्रेलियाच्या मूळ लोकांची संख्या 2021 च्या जनगणनेत 8,12,728 होती, देशाच्या 3.2 टक्के, आणि गोरे आले तेव्हा त्यांच्यात अडीचशेच्या वर भाषा होत्या. म्हणजे एका तालुक्याची अख्ख्या देशाशी तुलना चाललीय. तरी प्रश्न खोटा नाही, कारण फरक आहेच आणि मला विचाराल तर तो स्वभावाचा किंवा मेहनतीचा नाही, कागदाचा आहे.

अमेरिकेने 1790 मध्ये न्यूयॉर्कला क्रीकांशी करार केला, जॉर्ज वॉशिंग्टनच्या काळात. करार केला म्हणजे समोरचं एक सरकार आहे हे आपोआप मान्य केलं. बडोदेकरांना हे वेगळं सांगायला नको, गायकवाडांनी 1802 मध्ये इंग्रजांशी करार केले, रेसिडेंट डोक्यावर बसला, पण राज्य म्हणून नाव कागदावर राहिलं आणि म्हणूनच पुढे सयाजीरावांना 1906 मध्ये राज्यभर सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणता आलं, जे इंग्रजांच्या मुलखात तेव्हा नव्हतं.

क्रीकांशी केलेले करार पाळले गेले असं मात्र समजू नका. 1814 च्या लढाईनंतर दोन कोटी एकरांहून जास्त जमीन लिहून घेतली. 1836 मध्ये उरलेल्यांना बंदुकीच्या धाकाने हाकलून मिसिसिपी नदीच्या पलीकडे आजच्या ओक्लाहोमात नेलं, हजारो माणसं वाटेत आणि पोचल्यावर गेली. टल्सा हे तुमच्या मुलाचं शहर वसवलं ते याच हाकललेल्या लोकांपैकी एका गावाने, जुन्या गावच्या चुलीतले निखारे जपून आणले आणि एका ओकच्या झाडाखाली पुन्हा पेटवले असं ते सांगतात, ते झाड अजून उभं आहे, मुलाला म्हणावं एकदा जाऊन ये. मग 1866 मध्ये उरलेल्यातली पश्चिमेची अर्धी जमीन 30 सेंट एकराने काढून घेतली, 1901 मध्ये सामायिक जमीन मोडून माणशी 160 एकरांचे तुकडे केले आणि 1907 मध्ये वर ओक्लाहोमा राज्य बसवलं. सगळ्यांना वाटलं खेळ खलास.

पण 9 जुलै 2020 ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितलं की 1866 च्या हद्दीतलं क्रीक रिझर्वेशन, म्हणजे त्यांच्यासाठी राखलेला मुलूख, मोडल्याचं संसदेने कधी लिहिलेलंच नाही, म्हणून ते अजून आहे. सुमारे 30 लाख एकर, त्यात टल्साचा बराचसा भाग. म्हणजे लोकांची घरं क्रीकांच्या मालकीची झाली असं नाही हां, मुलाने फ्लॅट घेतला असेल तर निवांत झोपू दे. प्रश्न गुन्ह्याचे खटले कोणी चालवायचे एवढाच होता, आणि 2022 मध्ये कोर्टाने त्यातलाही काही भाग राज्याला परत दिला. पण दीडशे वर्षांपूर्वीचा कागद पेटीतून काढून दाखवता आला हे महत्त्वाचं.

ऑस्ट्रेलियात पेटीच रिकामी. 1788 मध्ये इंग्रज उतरले आणि त्यांनी धरून चालले की ही जमीन कोणाचीच नाही, मग करार कोणाशी करायचा? हे खोटं होतं हे तिथल्या हायकोर्टाला म्हणायला 3 जून 1992 उजाडला, तोही टोरेस सामुद्रधुनीतल्या एडी माबो नावाच्या माणसाने दहा वर्षं केस लढवली म्हणून, आणि निकालाच्या पाच महिने आधी तो गेला. पुढच्या वर्षी मूळ लोकांच्या जमिनीच्या हक्काचा कायदा झाला, पण त्यात मेख अशी की आपला जमिनीशी संबंध पूर्वापार अखंड चालत आलाय हे दावा करणाऱ्यानेच सिद्ध करायचं. आता ज्यांना पोलिसांनी आणि मिशनवाल्यांनी उचलून दुसरीकडे टाकलं, ज्यांची मुलं साधारण 1910 ते 1970 या काळात सरकारने आईच्या कुशीतून काढून नेली, त्यांनी अखंड संबंध कुठून आणायचा? ज्यांना जास्त ओरबाडलं त्यांचाच दावा सगळ्यात कच्चा.

इथे मला छोटा उदेपूरचे राठवा आदिवासी आठवतात. 2006 चा वनाधिकार कायदा आला तेव्हा तिथेही हेच, 13 डिसेंबर 2005 च्या आधीपासून ही जमीन तू कसतोस याचा पुरावा आण. आजोबा कसत होते हे गावाला माहीत, पण आजोबांकडे पावती कुठली, दंडाची पावती असली तर तीच पुरावा! अतिक्रमण केलं म्हणून जंगल खात्याने फाडलेली पावती लोक जपून ठेवतात, यावर हसावं की काय ते कळत नाही.

हो, वाळूचं राहिलं. उत्तर ऑस्ट्रेलियात वेव्ह हिल नावाचा गुरांचा प्रचंड मोठा फार्म, मालक एक इंग्लंडचा लॉर्ड, कामाला गुरिंजी लोक, पगार नावाला, बराचसा पीठ-साखर-चहाच्या रूपात. 1966 च्या ऑगस्टमध्ये विन्सेंट लिंगियारी यांच्या मागून दोनेकशे माणसं बायकापोरांसकट काम सोडून चालत निघाली. आधी वाटलं पगारासाठी संप आहे, तर ते म्हणाले आम्हाला आमची जमीन पाहिजे. एकदोन महिने नाही, वर्षानुवर्षं बसून राहिले. शेवटी 1975 मध्ये पंतप्रधान गॉफ व्हिटलम स्वतः गेले आणि लिंगियारींच्या हातात मूठभर वाळू ओतली, जमीन परत केल्याची खूण म्हणून. पुढच्याच वर्षी नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमिनीचा कायदा झाला आणि आज त्या भागातली जवळपास निम्मी जमीन मूळ लोकांची आहे, विकता न येणारी. त्यातल्या दक्षिण भागाचं काम मुलगी राहते त्या ॲलिस स्प्रिंग्सहूनच चालतं. मग तुम्ही म्हणाल एवढी जमीन असून हलाखी का? कारण जमीन मिळाली, राज्य करायची सत्ता नाही मिळाली. 2007 मध्ये दिल्लीसारखं दूर बसलेल्या कॅनबेराने त्याच भागात फौजेचे लोक पाठवले, सरकारी मदतीतला निम्मा पैसा ठरावीक गोष्टींवरच खर्च करायची सक्ती केली, त्यासाठी वंशभेदविरोधी कायदासुद्धा तात्पुरता बाजूला ठेवला. असं टल्सात कोणी करायला गेलं तर मस्कोगींचे वकील दुसऱ्या दिवशी कोर्टात असतील. 2023 मध्ये संसदेला नुसता सल्ला देणारं मूळ लोकांचं मंडळ हवं का यावर ऑस्ट्रेलियाने मतदान घेतलं, तेही सुमारे 60 टक्के लोकांनी नको म्हणून पडलं, एकाही राज्यात पास झालं नाही.

आता मुलाने फार कॉलर ताठ करू नये म्हणून एक आकडा. ऑस्ट्रेलियात 2020 ते 2022 चं मूळ लोकांचं सरासरी आयुर्मान पुरुषांचं 71.9 आणि बायकांचं 75.6 वर्षं, बाकीच्यांपेक्षा आठ-नऊ वर्षांनी कमी, लाजिरवाणंच. पण अमेरिकेत सगळ्या मूळ जमातींचं मिळून 2021 मध्ये किती होतं? साधारण 65. कोविडचं साल होतं हे मान्य, एकट्या क्रीकांचा हा आकडा नाही हेही मान्य, पण ऑस्ट्रेलियात मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवा, सगळ्यांना आहे, बेकारीभत्ता आहे, अमेरिकेत तसं खाली धरणारं जाळं विरळ. म्हणजे एकीकडे देश सांभाळतो पण कारभार हातात देत नाही, दुसरीकडे कारभार हातात आहे पण देश फारसा सांभाळत नाही. मस्कोगींनी 2021 मध्ये टल्सातली एक बंद पडलेली कॅन्सर हॉस्पिटलची मोठी इमारत विकत घेऊन स्वतःचा दवाखाना काढला तो हौसेने नव्हे, गरजेने.

आणि मुलीला हे विचारा, तिला नक्की माहीत असेल. किंटोर हे वाळवंटातलं गाव ॲलिस स्प्रिंग्सपासून पाचशे किलोमीटरवर. किडनी गेली की माणसाला घर सोडून ॲलिसला येऊन राहावं लागायचं, तिथेच परक्यासारखं मरायचं. तर 2000 साली तिथल्या चित्रकारांनी आपली ठिपक्यांची मोठी चित्रं सिडनीत लिलावाला काढली, दहा लाख डॉलरच्या वर जमले आणि त्यातून गावात डायलिसिसचं मशीन आलं. आता त्या संस्थेला पर्पल हाउस म्हणतात, बऱ्याच गावांत तिची मशिनं आहेत. राठव्यांच्या पिठोरा चित्रांतले घोडे शहरातल्या हॉटेलांच्या भिंतीवर बघतो तेव्हा मला हे किंटोर आठवतं.

प्रश्न : क्रीक लोकांकडे तेल निघालं आणि आता कॅसिनो आहेत, म्हणून ते श्रीमंत, एवढंच ना? कागदबिगद काय घेऊन बसलात?
— एक वाचक, कारेलीबाग

उत्तर : तेलाचं ऐका मग. 1905 मध्ये टल्साजवळ ग्लेन पूलला तेल लागलं ते एका क्रीक बाईच्या वाट्याच्या जमिनीतच, आणि टल्सा जगात तेलाची राजधानी म्हणून मिरवायला लागलं. पण तेल लागलं ते जमीन माणशी वाटून झाल्यावर. समाजाच्या तिजोरीत काही आलं नाही, आणि ज्याच्या तुकड्यात लागलं त्याच्यावर स्थानिक कोर्टाने गोरा पालक नेमायचा, कारण काय तर याला पैसा सांभाळता येणार नाही. सेरा रेक्टर नावाची अकरा वर्षांची पोर होती, वाट्याला आलेली 160 एकर इतकी खडकाळ की वर्षाला 30 डॉलर कर भरायचा म्हणून बाप ती विकायला निघालेला. 1913 मध्ये तिथे तेल उसळलं आणि पोरीला दिवसाला 300 डॉलर यायला लागले. लगेच पालक नेमला, जर्मनीतून लग्नाच्या मागण्या आल्या. ती निभावली. कित्येकांच्या जमिनी पालक आणि वकील मिळून गिळून बसले.

कॅसिनोची गोष्ट उलटी. 1988 च्या कायद्याने जमातीच्या जमिनीवर जुगार चालवायचा हक्क मिळाला तो जमातीच्या सरकारला, आणि नफा शाळा, दवाखाने, घरं अशा कामांवर लावायचं बंधनही त्याच कायद्यात. टल्साला नदीकाठी त्यांचा मोठा कॅसिनो आहे. जुगाराचा पैसा चांगला की वाईट यावर तुमच्या-माझ्या घरी एकमत व्हायचं नाही, मला स्वतःला तो आवडत नाही, पण तेल एकेकट्याच्या नावावर निघालं तर लुटलं गेलं नि पत्त्यांचा पैसा सरकारच्या नावावर आला तर ओकमल्गीत कॉलेज उभं राहिलं, हे दिसतंच. आणि तो हक्क मिळाला कारण आधी सरकार म्हणून मान्यता होती. ऑस्ट्रेलियातल्या लोकांच्या जमिनीखाली काही कमी आहे का, लोखंडाचे डोंगर आहेत. पण 1993 च्या कायद्यात त्यांना कंपनीशी फक्त वाटाघाटी करायचा हक्क आहे, नाही म्हणायचा नाही. 2020 मध्ये जुकान गॉर्जला माणसाच्या 46,000 वर्षांच्या वस्तीच्या खुणा असलेल्या गुहा खाणीसाठी सुरुंग लावून उडवल्या, आणि ते त्या वेळच्या कायद्यात बसत होतं!

प्रश्न : क्रीक लोकांनी स्वतः काळे गुलाम ठेवले होते हे खरं का? की कोणी उठवलेली कंडी?
— एक कॉलेजची विद्यार्थिनी, फतेगंज

उत्तर : खरं आहे. सगळ्यांनी नाही, पण पैसेवाल्यांनी ठेवले होते, आणि हाकलून नेलं तेव्हा ते गुलामही त्यांच्याबरोबर चालत गेले. 1866 च्या करारात दुसऱ्या कलमात लिहिलं की सुटलेले गुलाम आणि त्यांची पोरंबाळं क्रीक समाजाची पूर्ण हक्काची माणसं. वर सांगितलेली सेरा रेक्टर त्यांच्यातलीच. मग 1979 मध्ये मस्कोगींनी नवी घटना केली आणि सभासद होण्यासाठी रक्ताचं नातं पाहिजे अशी अट घालून या हजारो लोकांना बाहेर काढलं. ते कोर्टात गेले. जुलै 2025 मध्ये मस्कोगींच्याच सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की करारात लिहिलंय, त्यांना घ्यावं लागेल. ज्या 1866 च्या कागदावर टल्सा परत मिळवलं, तोच कागद या बाहेर काढलेल्या लोकांनी समोर धरला होता.