हलकी समजली जाणारी कामे करणाऱ्यांना आपण खरोखर मान देतो का?

वरचा प्रश्न वाचकांना विचारताना आपण त्याखाली लिहिले आहे की, शाळेत श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहून घेतात आणि घरी मात्र ‘अभ्यास केला नाहीस तर मजुरी करावी लागेल’ असा धाक घालतात; तेव्हा हा मान प्रत्यक्षात कुठे दिसतो, हे कोणी अनुभवावरून सांगावे. मी वेंगुर्ले तालुक्यातील एका काजू कारखान्यात १९९२ पासून २०१९ पर्यंत हिशेबनीस होतो आणि जे काही सांगू शकतो ते बहुतेक त्या टेबलामागून पाहिलेले आहे. माझे मत असे की, मानाची गोष्ट पुढची. एखाद्या कामाला कसब लागते हे आपण आधी कबूल करतो का, तिथेच सगळे अडते, आणि ते कबूल न करण्यात कोणाचा तरी पैशाचा फायदा असतो. तो फायदा मोजणाऱ्यांपैकी मी एक होतो, हेही आधीच सांगून टाकतो.

काजूची बी कारखान्यात कशी फुटते हे कोकणाबाहेरच्या वाचकांना सहसा ठाऊक नसते. वाळवलेली बी बॉयलरच्या वाफेवर शिजवतात, रात्रभर पसरून थंड करतात आणि सकाळी ती कापणीला येते. आमच्याकडे लांबलचक शेडमध्ये हातापायाने चालणारे कटर ओळीने मांडलेले असत. डाव्या हाताने एकेक बी दोन वाकड्या पात्यांच्या मध्ये धरायची, पायाने पट्टी दाबून पाती टरफलात रुतवायची, उजव्या हाताने दांडा ओढून टरफल उघडायचे आणि सुईने गर अलगद बाहेर काढायचा. टरफलात जे तेल असते ते रंगात आणि गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात वापरतात, आमच्या बाजूला जुने लोक होड्यांच्या लाकडालाही लावत. मात्र तेच तेल माणसाच्या कातडीला लागले की ती काळी पडते आणि सोलून निघते. म्हणून प्रत्येकीच्या बाजूला हातांना लावायला साध्या तेलाची एक वाटी आणि चुलीतल्या राखेचा एक डबा असे. हातमोजे आणून दिले होते, पण मोजा घातला की बीचा बाक बोटांना कळत नाही आणि गर तुटतो, असे म्हणून बहुतेक जणींनी ते आठवडाभरात काढून ठेवले.

गर तुटणे ही साधी गोष्ट नाही, कारण काजूचा सारा बाजार अख्ख्या गरावर उभा आहे. डब्ल्यू ३२० या प्रतीत डब्ल्यू म्हणजे अख्खा गर आणि आकडा म्हणजे एका पौंडात बसणाऱ्या गरांची कमाल संख्या. १८० नंबर म्हणजे गर मोठा, ३२० म्हणजे मध्यम. अख्खा गर, पाकळी म्हणजे मधोमध दुभंगलेला गर, आणि तुकडा यांच्या भावात मोठे अंतर पडते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-७ या जातीचा गर चांगला मोठा, १८० नंबरात बसणारा. पण तो बाईच्या हातून मधोमध चिरला गेला की शास्त्रज्ञांची मेहनत आणि बागायतदाराचे खत दोन्ही पाकळीच्या डब्यात जातात. आता हिशेब करून पाहा. ३२० नंबरचा एक किलो गर म्हणजे सुमारे ७०० बिया. आमच्याकडे हात बसलेली बाई दिवसाला पाच किलो गर काढी, म्हणजे साडेतीन हजार वेळा पाय दाबायचा, साडेतीन हजार वेळा दांडा ओढायचा, आणि प्रत्येक वेळी पाते किती खोल जाऊ द्यायचे हे त्या एका बीपुरते ठरवायचे. बी बोटांत धरल्या धरल्या हे ठरलेले असते.

मला हे कागदावर कळत होते, हाताने कळले ते एका चतुर्थीच्या आधी. गणपतीसाठी पाच-सहा जणी रजेवर होत्या, माल पाठवायची घाई होती, आणि मी फुशारकीने एका रिकाम्या कटरवर जाऊन बसलो. तासाभरात माझ्या डब्यात अख्खे गर मूठभर, आणि बाकी सगळी पाकळी आणि चुरा. शेजारच्या कटरवर बसणाऱ्या काकी बराच वेळ गप्प होत्या, शेवटी म्हणाल्या, “भाऊ, बी फोडूची नसता, उघडूची असता. तुमी तिच्यावर राग काढतास.” त्या रात्री बोटांची आग झाली, चौथ्या दिवशी कातडी निघाली, आणि आठवडाभर जेवताना मला चमचा लागला. कारखान्यात याचे पुष्कळ हसे झाले, तेही रास्तच होते.

पुढच्या महिन्यात पगारपत्रक लिहिताना मात्र मी एका रकान्यापाशी थांबलो. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्याखाली निघणाऱ्या अधिसूचनांमध्ये कामगारांची कुशल, अर्धकुशल आणि अकुशल अशी वर्गवारी असे, आणि तिच्यावर मजुरीचा किमान दर ठरे. आमच्या पत्रकात बॉयलर सांभाळणारा कुशल होता, ते योग्यच होते. मी कुशल होतो. माझे काम बेरजा, वजाबाक्या आणि मालकाच्या सहीसाठी कागद पुढे करणे, जे एखाद्या हुशार बारावी पास मुलाला आठवड्यात शिकवता आले असते. ज्या कामाला हात बसायला दोन-तीन महिने जातात, ते करणाऱ्या चाळीस जणींपुढे ‘अकुशल’ असे लिहिलेले होते, आणि ते माझ्याच अक्षरात होते. मी मालकांकडे विषय काढला. ते वाईट माणूस नव्हते, अडीअडचणीला उचल देत, कोणाच्या घरी दुखणे असेल तर गाडी काढत. ते शांतपणे म्हणाले, “शब्द बदलला की दर बदलतो.” मी पुढे काही बोललो नाही, कारण माझाही पगार त्याच गल्ल्यातून निघत होता.

एक गोष्ट तेवढी करता आली. कापणीचा गर ओलसर असतो, म्हणून वजन करताना ‘ओलावा’ या नावाखाली काही ग्रॅम वजा होत, आणि किती वजा करायचे हे काट्याजवळ उभा असलेला माणूस नजरेने ठरवी. काट्याचे तोंड आमच्या बाजूला होते, बायकांना आकडा दिसतच नसे. मी काटा फिरवून मांडला, वजन मोठ्याने सांगायला लावले आणि ओलाव्याचा आकडा ठरावीक करून प्रत्येकीला चिठ्ठी देऊ लागलो. मालकांनी कुरकुर केली, पण हरकत घेतली नाही. पहिल्या आठवड्यात बायका चिठ्ठी घेऊन नुसत्या उभ्या राहत, घरी नेऊन मुलांकडून वाचून घेत. महिन्याभराने मात्र माझ्या बेरजेतली चूक दाखवायला त्या सरळ टेबलाशी येऊ लागल्या. पूर्वी त्यांना ‘काटा दाखवा’ म्हणायचीही चोरी होती. निरोपसमारंभाच्या शाली मी पुष्कळ पाहिल्या आहेत, पण मान या शब्दाने मला ती चूक दाखवायला आलेली बाई आठवते.

याच काकींबरोबर एकदा रेशन दुकानात जाण्याचा प्रसंग आला. तिथल्या यंत्रावर अंगठा उमटला तर धान्य मिळते, आणि वर्षानुवर्षे टरफलाचे तेल आणि राख लागलेल्या बोटांवर रेषाच राहिलेल्या नव्हत्या. त्यांनी पदराला हात पुसले, पाण्याने धुतले, दहाही बोटे लावून पाहिली. रांगेतून कोणीतरी म्हणाले, “काजूतली बाई ती, अंगठो लागाचो नाय.” दुकानदाराने शेवटी मोबाइलवर येणाऱ्या आकड्याचा मार्ग काढला, पण नोंदवलेला नंबर मुंबईतल्या मुलाचा होता आणि तो कामावर असल्याने फोन उचलत नव्हता, म्हणून आम्ही दुपारपर्यंत दुकानाच्या पायरीवर बसून राहिलो. ज्या बोटांना एकेका बीची जाडी कळते त्या बोटांना यंत्र ओळखत नव्हते. काकींना त्याचे फारसे काही वाटले नाही. अर्धा दिवस बुडाला, एवढेच त्या म्हणाल्या.

कारखान्याबाहेर पाहिले तर आमच्याकडच्या पाडेल्याची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि आपल्या प्रश्नाला ती अधिक अडचणीत आणते. पन्नास-साठ फुटी माडावर पायात दोरीचा फासा घालून चढणारा, कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला हा माणूस आता मिळेनासा झाला आहे. माझ्या लहानपणी त्याला माडामागे नारळ देत, आता रोख देतात आणि आठ दिवस आधी फोन करून विनवावे लागते. तो नुसते नारळ पाडत नाही. शेंडा साफ करतो, कोवळी झावळ कात्रीने कापल्यासारखी दिसली की गेंड्या भुंगा आहे हे सांगतो, खोडाला भोक पडून तांबूस चीक आणि चोथा येत असेल तर सोंड्या भुंगा आत शिरला हे ओळखतो. माझे दोन माड अशा एका सूचनेने वाचले. नारळ विकास मंडळाने २०११ पासून ‘नारळ वृक्ष मित्र’ म्हणून तरुणांना यंत्राच्या साहाय्याने चढण्याचे प्रशिक्षण आणि विम्याची सोय सुरू केली, ही चांगली गोष्ट झाली. माणसे कमी झाली म्हणून दर वाढला, हे खरे. पण शेजारच्या वाडीतल्या अशाच एका कमावत्या तरुणाची आई स्थळ बघायला आलेल्यांना “मुलगो बागायत बघता” असे सांगते. पैसा आला तरी कामाचे नाव घरात उच्चारायची लाज गेलेली नाही. त्यामुळे मजुरी वाढवा, मान आपोआप येईल, असे म्हणणाऱ्यांशी मी पूर्ण सहमत होऊ शकत नाही.

उलट उदाहरणही कोकणातच आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी राष्ट्राला अर्पण झालेल्या कोकण रेल्वेच्या ७४१ किलोमीटर मार्गावर पावसाळ्यात रात्रंदिवस गस्त असते. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दरडीला गाडी धडकून पन्नासहून अधिक माणसे गेली, तेव्हापासून या गस्तीचे मोल सगळ्यांना ठाऊक आहे. धो धो पावसात दिवा, झेंडे आणि फटाके घेऊन एक माणूस आपल्या हद्दीत चालत राहतो. दरड दिसली तर त्याने गाडी येणाऱ्या दिशेला धावत जाऊन ६०० मीटरवर रुळावर एक आणि १२०० मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन फटाके लावायचे असतात, म्हणजे चाकाखाली आवाज होऊन चालक गाडी थांबवील. अंगमेहनत म्हणाल तर पाडेल्याइतकीच, धोका म्हणाल तर तितकाच. पण कायम झालेल्या या माणसाच्या घरी ‘मुलगा रेल्वेत आहे’ असे अभिमानाने सांगतात. इथे लोक मान देतात तो कायम नोकरीला. रात्रीच्या अंधारात तो नक्की काय करतो, हे त्याच्या सासऱ्यालाही धड सांगता येणार नाही.

गिरणगावात जन्म घालवलेल्या आमच्या आधीच्या पिढीचेही असेच होते. तिथे कापसाच्या धुळीत आणि मागांच्या खडखडाटात बारा महिने काढणारा माणूस चतुर्थीला गावी उतरला की चाकरमानी, आणि गावात राहून दुसऱ्याच्या बागेत झाडांची आळी खणणारा त्याचा सख्खा भाऊ मात्र गडी. १९८२ च्या संपानंतर कित्येक जण परत आले, तेव्हा एकाच माणसाला दोन्ही नावे लागलेली मी पाहिली आहेत, आणि माणूस तोच, हातही तेच होते.

आपण विचारले आहे की, सामान्य माणसाने काय करावे. मोठे काही मला सुचत नाही. चैत्रात ओले काजूगर घ्याल तेव्हा शेकड्यामागे दहा-वीस रुपयांसाठी घासाघीस करण्याआधी विकणारीची बोटे पाहा, आणि शक्य असेल तर एक ओली बी स्वतः सोलून पाहा. घरी कामाला कोणी येत असेल तर हिशेबाचा आकडा त्यांच्यासमोर लिहा आणि कागद त्यांच्याकडे द्या. मुलांना मजुरीचा धाक घालू नका, हे आपल्याला आधीच पटलेले दिसते.

मी निवृत्त झाल्यावर माझ्या जागी आलेला मुलगा संगणकावर पगारपत्रक काढतो. मागच्या वर्षी सहज कारखान्यात गेलो होतो. कापणीला आता स्वयंचलित यंत्र आहे, पण त्यातून न फुटता आलेल्या आणि अर्धवट कापलेल्या बिया अजून बायकांच्याच पुढ्यात येतात. काटा मी ठेवला होता तसाच तोंड फिरवलेला होता. पत्रकात काकींच्या सुनेचे नाव दिसले, आणि पुढच्या रकान्यात ‘अकुशल’. त्या मुलाला विचारले तर म्हणाला, “आधीच्या महिन्याचंच खाली उतरवतो, काका.” मीसुद्धा १९९२ साली पहिले पत्रक आधीच्या कारकुनाच्या पत्रकावरूनच उतरवले होते.