रूममेट काउन्सेलरकडे जायला तयार नाही, यात संस्कृतीचा भाग किती?

तुमचा दुसऱ्या देशातून आलेला रूममेट रात्र रात्र जागा असतो, काउन्सेलरचं नाव काढलं की चिडतो, आणि हे त्याच्या संस्कृतीमुळे आहे का असं तुम्ही विचारलंय. बऱ्यापैकी हो, पण आपण समजतो तसं सरळ नाही.

२००९ मध्ये डॅनियल आयझेनबर्ग आणि सहकाऱ्यांचा अमेरिकेतल्या १३ विद्यापीठांमधल्या ५,५५५ विद्यार्थ्यांवरचा अभ्यास आला. लोक मानसिक उपचार घेणाऱ्याला कमी लेखतात असं मुलांना खूप वाटत होतं, पण स्वतः तसं मानणारे त्यामानाने बरेच कमी होते, आणि हे स्वतःचं मानणं मुलग्यांमध्ये, आशियाई आणि परदेशी विद्यार्थ्यांमध्ये, जास्त धार्मिक मुलांमध्ये जास्त दिसलं. मदत न घेण्याशी संबंध निघाला तोही ह्या स्वतःच्या मानण्याशीच, लोक काय म्हणतील याच्याशी नाही. म्हणून "कोणी काही म्हणणार नाही रे" असं कितीही समजावलं तरी तो हलत नसेल.

माझ्या हॉस्टेलमधली एक परदेशी मैत्रीण काउन्सेलिंग सेंटरच्या दारापर्यंत जायची आणि परत यायची. तिला कोणीही काही बोललेलं नव्हतं, पण घरच्यांनी कर्ज काढून पाठवलंय आणि मी इथे रडत बसले तर मी नालायकच, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. शेवटी ती गेली ती डोकं दुखतं म्हणून साध्या डॉक्टरकडे, आणि तिथून पुढे काउन्सेलरकडे. ह्यात विचित्र काही नाही, मानसोपचारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या दशकात चीनमधल्या पेशंट्सबद्दल हेच लिहिलंय, डोकेदुखी, थकवा, झोप नाही अशा तक्रारी घेऊन आलेल्या बऱ्याच जणांना डिप्रेशन होतं. शरीराची तक्रार सांगायला लाज वाटत नाही.

म्हणून मला मनापासून वाटतं की तुम्ही झोपेपासून सुरू करा. "झोप नाही, अभ्यास होत नाहीये, चल डॉक्टरला दाखवू, मी येतो सोबत", एवढंच. त्याच्याच देशातला, उपचार घेऊन बरा झालेला कोणी सीनियर बोलायला तयार असेल तर फार उत्तम, कारण अशा माणसाशी प्रत्यक्ष ओळख झाली की प्रौढांची मतं नुसत्या माहितीपेक्षा जास्त बदलतात असं मानसशास्त्रज्ञ पॅट्रिक कॉरिगन वगैरेंच्या कामात दिसलंय. घरी कळेल का ही भीती असेल तर सेंटरचा गोपनीयतेचा नियम आधी तुम्हीच विचारून ठेवा.

आणि मरण्याबद्दल काही बोलला तर मात्र त्याच्या रागाची पर्वा करू नका, त्याला एकटं सोडू नका, लगेच वॉर्डनला किंवा इमर्जन्सीला कळवा.