रक्ताला घाबरत नाही, एवढं पुरेसं आहे का?

सप्रेम नमस्कार ताई,

तुमच्या सतरा वर्षांच्या मुलीला पॅरामेडिक होऊन अॅम्ब्युलन्सवर काम करायचंय. तुम्ही लिहिता, ‘ती धीट आहे, रक्त बघून तिला काही होत नाही. पण माझा जीव धास्तावतो. रोज नेमकं काय काम असतं आणि जिवावर कधी बेतू शकतं, ते स्पष्ट सांगा.’ स्पष्टच सांगते.

रक्ताची सवय बहुतेकांना होते, त्यामुळे तेवढ्यावरून हे क्षेत्र निवडू नका. मी वेगळंच बघेन: एकच ठरलेली तपासणी तुमची मुलगी रोज, कुणी बघत नसतानाही, पूर्ण करते का? या कामातले बरेचसे बाके प्रसंग घाईत गाळलेल्या एखाद्या पायरीतून उभे राहतात.

शिफ्ट साधारण 8 किंवा 12 तासांची असते आणि तिची सुरुवात गाडी तपासण्यापासून होते. ऑक्सिजनचंच बघा. लहान सिलिंडरमध्ये 400 लिटर असतील आणि मास्कला मिनिटाला 15 लिटर लागत असतील, तर कागदावर 26 मिनिटं मिळतात. सिलिंडर तळापर्यंत रिकामा करायचा नसतो, म्हणजे हाती 20च्या आसपास. पेशंटला तिसऱ्या मजल्यावरून खाली आणण्यातच तेवढा वेळ जाऊ शकतो. म्हणून आधीच्या शिफ्टने वहीत ‘फुल’ लिहिलं असलं तरी व्हॉल्व्ह उघडून दाब स्वतः वाचायचा. सक्शन मशीनची (पेशंटच्या घशातली उलटी, रक्त ओढून बरणीत घेणाऱ्या यंत्राची) नळी चिमटून धरली की 4 सेकंदांत दाबाचा काटा पाऱ्याच्या 300 मिलिमीटरपर्यंत गेला पाहिजे. गेला नाही तर आधी बरणीचं झाकण बघायचं, ते नीट बसलेलं नसलं की हवा शिरते. डिफिब्रिलेटरच्या, म्हणजे हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्राच्या, पॅडची मुदत तपासायची, कारण जेल वाळलं की पॅड छातीला चिकटत नाही. अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी, मोठ्यांची, मुलांची आणि तान्ह्या बाळाची, अशा तिन्ही मापांची हवी. बाळाचा मास्क नसल्याचं समोर बाळ आल्यावरच कळलं, तर तेव्हा काहीच करता येत नाही.

मग कॉल सुरू होतात. सिनेमात दिसतात तसे भीषण अपघात त्यात थोडेच. धाप लागलेले वृद्ध, घरात पडून खुबा मोडलेल्या आजी, छातीत दुखणं, फिट येणं, बाळंतपण, एका हॉस्पिटलमधून दुसऱ्यात पेशंट हलवणं, असंच काम जास्त. पण साध्या दिसणाऱ्या कॉलमध्येच फसगत होते. बरळणाऱ्या, तोल जाणाऱ्या माणसाबद्दल आजूबाजूचे लोक ‘प्यायलाय’ म्हणून सांगतात. त्याची रक्तातली साखर उतरलेली असू शकते, आणि साखर उतरल्याची लक्षणं कधी दारूसारखी, कधी पक्षाघातासारखी दिसतात. बोटाला एक टोचणी आणि मिनिटभरात आकडा समोर. म्हणून शुद्ध हरपलेल्या किंवा गोंधळलेल्या प्रत्येक पेशंटची साखर तपासायचीच, लोक काहीही सांगोत.

आता तुमचा मुख्य प्रश्न, जिवावर बेतण्याचा. सर्वात जास्त जपायचं ते गाडीतून पाय खाली ठेवण्याआधी. बंद खोलीत दोघं-तिघं एकाच वेळी बेशुद्ध आढळले, तर पहिला संशय वायूचा घ्यायचा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. आणि रक्तातला ऑक्सिजन मोजायला बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर त्यात फसतो, पेशंट गुदमरत असताना तो 98 टक्के दाखवू शकतो. मैल्याची टाकी किंवा मॅनहोल त्याहून वाईट. हायड्रोजन सल्फाइडचा सडक्या अंड्यासारखा वास आधी येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. आत उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला म्हणजे वायू गेला. एकाला काढायला दुसरा, दुसऱ्याला काढायला तिसरा उतरतो आणि सगळेच दगावतात. अशा ठिकाणी पॅरामेडिकने बाहेर थांबायचं, लोकांना मागे हटवायचं आणि श्वसनयंत्र घेतलेले अग्निशमनचे जवान पेशंटला वर आणेपर्यंत साहित्य मांडून तयार राहायचं. भोवती नातेवाईक आक्रोश करत असताना असं थांबणं फार कठीण आहे. धीट मुलांना तर जास्तच कठीण जातं, म्हणून तुमच्या मुलीच्या बाबतीत हे मुद्दाम लिहिते आहे.

विजेच्या तुटलेल्या तारेचंही तेच. पुरवठा बंद झाल्याचं वीज कंपनीच्या माणसाने सांगेपर्यंत जवळ जायचं नाही. हातातले तपासणीचे मोजे विजेपासून वाचवत नाहीत. कीटकनाशक प्यालेल्या पेशंटचे भिजलेले कपडे उतरवून पिशवीत बंद करायचे, त्वचा धुवायची आणि गाडीत हवा खेळती ठेवायची, नाहीतर मागे बसलेल्यालाच मळमळायला लागतं, डोळ्यांपुढे धूसर होतं.

रस्ता हा रोजचाच धोका आहे. सायरन वाजतोय म्हणून चौक मोकळा होत नाही. काचा बंद करून गाणी ऐकणाऱ्याला तो उशिरा ऐकू येतो, आणि थांबलेल्या ट्रकच्या आडून दुसरी गाडी अचानक पुढे येते. लाल दिव्याला पूर्ण थांबून एकेक लेन बघत पुढे सरकायचं, हा चालकाचा नियम. मागच्या केबिनमध्ये जमेल तेव्हा पट्टा लावायचा, मॉनिटर आणि सिलिंडर पक्के बांधायचे. जोराचा ब्रेक लागला तर सुटं सिलिंडर थेट डोक्यावर येतं. स्ट्रेचर उंच ठेवून खडबडीत जागेवरून बाजूने ढकललं तर उलटतं, म्हणून ते खाली घेऊन दोन्ही टोकांना माणूस हवा. गाडीत चढवताना हुक अडकला की नाही हे डोळ्यांनी पाहून, एकदा ओढून बघून मगच स्ट्रेचरचे पाय दुमडायचे. उचलताना वजन अंगाशी आणि वाकणं गुडघ्यांतून. या कामात सर्वाधिक दुखापती पाठीच्या आणि स्नायूंच्या होतात, आणि त्यातूनच पुष्कळांना हे काम सोडावं लागतं.

औषधांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथल्या चुकीने पेशंटचा जीव जाऊ शकतो. अॅड्रिनॅलिन दोन तीव्रतांमध्ये मिळतं: एका मिलिलिटरमध्ये 1 मिलिग्रॅम आणि एका मिलिलिटरमध्ये 0.1 मिलिग्रॅम. तीव्र अॅलर्जीत मोठ्या माणसाला 0.5 मिलिग्रॅम मांडीच्या बाहेरच्या बाजूला स्नायूत देतात. हृदय बंद पडलं असेल तर 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी. घाईत या दोन्हींची गल्लत झाली आणि अॅलर्जीच्या, म्हणजे धडधडतं हृदय असलेल्या पेशंटला पूर्ण 1 मिलिग्रॅम झपकन शिरेतून गेलं, तर त्याच्या हृदयाची लय बिघडू शकते. उपाय साधा आहे: औषधाचं नाव, तीव्रता, मुदत, मात्रा आणि कुठून द्यायचं हे एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अँप्यूल (औषधाची काचेची कुपी) बघून दुजोरा द्यायचा, भरलेल्या सिरिंजवर लगेच लेबल लावायचं. दहा सेकंदही लागत नाहीत. नवख्यांना मोठ्याने वाचायची लाज वाटते. ती प्रशिक्षणातच मोडायला हवी.

सुईचंही सांगते. वापरलेल्या सुईला टोपण परत लावायचं नाही आणि सुयांचा डबा पाऊण भरला की बदलायचा. संसर्ग असलेल्या रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण 0.3 टक्के असतो. हिपॅटायटिस बीचा (यकृताच्या विषाणूजन्य आजाराचा), लस घेतलेली नसेल तर, 30 टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. टोचल्यावर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीविरोधी औषध काही तासांत सुरू झालेलं उत्तम, 72 तासांच्या आत तर हवंच, आणि ते 28 दिवस घ्यायचं. पेशंट ‘चांगल्या घरातला’ आहे म्हणून न कळवणं ही घातक चूक आहे.

मनावरचा भार खोटा नाही. विशेषतः लहान मुलांचे कॉल सोबत राहतात आणि त्यावर सहकाऱ्यांशी, गरज पडली तर समुपदेशकाशी बोलणं हा कामाचाच भाग मानला पाहिजे. रात्रपाळीनंतर स्वतः गाडी चालवत घरी येण्यात मात्र धोका आहे, आणि त्याची दखल फारशी कुणी घेत नाही. तिच्या येण्याजाण्याची सोय तुम्ही आधीच ठरवून ठेवा.

कोर्स काही आठवड्यांच्या मूलभूत प्रशिक्षणापासून तीन-चार वर्षांच्या पदवीपर्यंत असतात, आणि पुढे कोणती औषधं व कोणते उपाय करायची मुभा मिळेल हे त्यावरच ठरतं. प्रवेशाआधी संस्थेत जाऊन विचारा: प्रत्यक्ष अॅम्ब्युलन्सवर किती तास मिळतात? त्या वेळी शिकवणारा सोबत असतो का? आणि एखाद्या विद्यार्थ्याने ‘माझ्या हातून चूक होता होता राहिली’ असं सांगितलं, तर पुढे काय होतं? शिक्षा होते असं उत्तर आलं तर ती संस्था टाळा. तिथली मुलं चुका लपवायला शिकतात.

तिची तयारी घरबसल्या कळत नाही. एखाद्या प्रथमोपचार वर्गात पुतळ्यावर सीपीआर (बंद पडलेल्या हृदयासाठी छातीवर दाब देणं) करायला सांगा: मिनिटाला 100 ते 120 दाब, खोली 5 ते 6 सेंटिमीटर, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची, 2 मिनिटं दाब आणि 2 मिनिटं विश्रांती, असं 20 मिनिटं. दमल्याचं आपल्याला जाणवण्याआधीच दाब उथळ होत जातो, म्हणूनच 2 मिनिटांनी माणूस बदलतात. प्रशिक्षक खोली कमी झाल्याचं सांगेल तेव्हा ती ते ऐकून दुरुस्त करते की वाद घालते, हे बघा. ऐकून सुधारत असेल तर निर्धास्तपणे पाठवा.

एक काम आजच करता येईल. तिच्या हिपॅटायटिस बी लसीची जुनी नोंद शोधा. लस झालेली नसेल तर आता, पुढच्या महिन्यात आणि सहाव्या महिन्यात असे तीन डोस लागतात. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं तपासून घ्या, पातळी 10 किंवा त्याहून जास्त हवी. लहानपणी लस झाली असेल तरी डॉक्टरांना विचारून ही तपासणी कराच. वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता सुरुवात करा.