‘डेथ पॅनेल’ची अफवा लोकांना खरी का वाटली?

तुम्ही विचारलंय की २००९ मध्ये ओबामांच्या आरोग्य विधेयकामुळे ‘डेथ पॅनेल’ येणार, म्हातारी माणसं जगवायची की नाही हे सरकारी अधिकारी ठरवणार, अशी जी आवई अमेरिकेत उठली, ती धादांत खोटी असूनही लोकांचा तिच्यावर विश्वास कसा बसला.

माझ्या मते मुख्य कारण हे की तिच्या मुळाशी एक खरं कलम होतं. प्रतिनिधीगृहातल्या ‘एच. आर. ३२००’ या हजारावर पानांच्या विधेयकातलं कलम १२३३. मेडिकेअर ही तिथली मुख्यतः ६५ वर्षांवरच्यांसाठीची सरकारी विमा योजना. एखाद्या रुग्णाला आपल्या शेवटच्या आजारपणाबद्दल डॉक्टरांशी निवांत बोलायचं असेल, तर त्या वेळेचे पैसे मेडिकेअरने डॉक्टरांना द्यावेत, एवढंच ते कलम सांगत होतं. व्हेंटिलेटर लावायचा का, नळीने अन्न द्यायचं का, मी बोलण्याच्या अवस्थेत नसेन तर माझ्या वतीने कोणी ठरवायचं, असं ते बोलणं. रुग्णावर सक्ती नव्हती.

आता उलटापालट कशी झाली ते बघा. अशा भेटीचे पैसे साधारणपणे ५ वर्षांतून एकदाच मिळतील, तब्येत फारच बिघडली तर त्याआधीही, अशी अट होती. म्हणजे ती मेडिकेअरच्या खर्चावरची मर्यादा. न्यूयॉर्कच्या माजी उपगव्हर्नर बेट्सी मकॉगी यांनी जुलै २००९ मध्ये रेडिओवर सांगितलं की दर ५ वर्षांनी वृद्धांना सक्तीने बसवून लवकर कसं मरायचं ते शिकवलं जाणार. अंक तोच ठेवला आणि अर्थ पार फिरवला. त्यामुळे कोणी पडताळायला गेलं तर कलम सापडायचं, ५ वर्षंही सापडायची, आणि बाकीचंही खरंच असणार असं वाटायचं. ऑगस्टमध्ये, २००८ ला रिपब्लिकन पक्षाकडून उपराष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक लढवलेल्या सारा पेलिन यांनी फेसबुकवर ‘डेथ पॅनेल’ हा शब्द वापरला आणि तो तोंडोतोंडी झाला. जॉर्जियाचे जॉनी आयझॅक्सन हे ओबामांच्या विरोधातल्या रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर, पण ते स्वतः अशा सल्लामसलतीच्या बाजूचे होते. हा अर्थ काढणं म्हणजे वेडेपणा आहे, असं ते उघडपणे म्हणाले. पण तेव्हा त्यांचं कोण ऐकतो!

विश्वास ठेवणाऱ्यांना मूर्ख म्हणणं मला अजिबात पटत नाही. विमा कंपन्या उपचार नाकारतात हे त्यांनी पाहिलेलं होतं. मेडिकेअरच्या खर्चवाढीला आळा घालून नव्या योजनेचा काही पैसा उभा करायचा, हेही खरंच ठरत होतं. आपल्या वाट्याचं कापून दुसऱ्याला देणार ही वृद्धांची भीती हवेतली नव्हती. त्या भीतीला सरळ उत्तर द्यायला हवं होतं, म्हणजे कपात नेमकी कुठे होणार, कोणाला झळ बसणार आणि कोणाला नाही. त्याऐवजी बऱ्याच समर्थकांनी टिंगल केली.

आणि समर्थकांकडूनही खोटं पसरलं. ‘तुम्हाला तुमचा विमा आवडत असेल तर तो तसाच राहील,’ हे आश्वासन ओबामांनी कितीतरी वेळा दिलं. २०१३ च्या शरद ऋतूत लाखो लोकांच्या हाती विमा रद्द झाल्याची पत्रं पडली, कारण त्यांच्या पॉलिसी नव्या कायद्याच्या निकषांत बसत नव्हत्या. ओबामांना टीव्हीवर माफी मागावी लागली. नेत्यांची विधानं पडताळणाऱ्या पॉलिटिफॅक्ट या संकेतस्थळाने २००९ मध्ये ‘डेथ पॅनेल’ला वर्षातलं सर्वांत मोठं खोटं ठरवलं होतं, २०१३ मध्ये तो मान या वाक्याला मिळाला. दोन्ही खोटी एका मापाची नाहीत. एकाने निखळ भीती पसरवली, दुसऱ्याने गुंतागुंत लपवली. पण ज्याच्या घरी ते पत्र आलं, त्याने पुढे सरकारी खुलाशावर कशाला विश्वास ठेवावा? २०१७ च्या एका पाहणीत ३५ टक्के अमेरिकनांना ‘ओबामाकेअर’ आणि ‘अफोर्डेबल केअर ॲक्ट’ ही ओबामांच्या याच आरोग्य कायद्याची दोन नावं आहेत हे ठाऊक नव्हतं. ७ वर्षं वाद घालूनही ही गत.

मला सर्वांत जास्त लागतं ते कलम १२३३ चं काय झालं ते. २३ मार्च २०१० ला सही झालेल्या कायद्यात ते नव्हतंच. २०११ च्या सुरुवातीला मेडिकेअरच्या वार्षिक तपासणीच्या नियमांत हीच ऐच्छिक चर्चा घातली गेली आणि काही दिवसांतच मागे घेतली गेली, कारण तो शब्द पुन्हा कानावर येऊ लागला होता. ज्यांना आपल्या शेवटाबद्दल डॉक्टरांशी बोलायचं होतं, ज्यांच्या मुलांना पुढे आयसीयूबाहेर उभं राहून आई-वडिलांच्या मनात काय असेल याचा अंदाज बांधावा लागला, त्यांचं हे नुकसान कोणत्याच वादात मोजलं गेलं नाही. अखेर १ जानेवारी २०१६ पासून मेडिकेअर या चर्चेचे पैसे डॉक्टरांना देऊ लागली. रुग्णाने नको म्हटलं तर चर्चा होत नाही, हे तेव्हाही तसंच होतं आणि २००९ च्या मसुद्यातही तसंच होतं.