काउंटरवर ‘अपग्रेड’ मागू नका, खोली मागा

प्रश्न : ताई, हॉटेलचं बुकिंग घरात मीच करते, फोटो बघून, रिव्ह्यू वाचून, तरी दरवेळी लिफ्टला चिकटलेली नाहीतर एसीच्या मशीनांकडे खिडकी उघडणारी खोलीच आमच्या नशिबी. मागे रिसेप्शनवर अपग्रेड मिळेल का विचारलं तर त्या मुलाने गोड हसून ‘सॉरी मॅम, हॉटेल फुल आहे’ म्हटलं, संपला विषय. काहींना फुकटात मोठी खोली मिळते म्हणे, ते कसं काय?

उत्तर : तो मुलगा खोटंच बोलला असेल असं काही नाही हं. कुणाला कुठली खोली द्यायची हे बऱ्याच हॉटेलांत आदल्या रात्री किंवा त्या दिवशी सकाळीच ठरतं, तुम्ही बॅगा ओढत काउंटरला पोचता तोवर चांगल्या खोल्यांवर नावं पडलेली असतात. म्हणून बोलायचं ते आधी. आदल्या दिवशी थेट हॉटेलला फोन लावा, कंपनीच्या कॉल सेंटरला नको, आणि फ्रंट ऑफिसवाल्यांना नेमकं सांगा : वरचा मजला, लिफ्टपासून लांब, आणि कनेक्टिंग रूम नको. हे शेवटचं फार कमी लोक सांगतात. दोन खोल्यांच्या मधे ते जे कुलूप लावलेलं दार असतं ना, त्यातून शेजारच्यांचा टीव्ही, भांडण, घोरणं सगळं ऐकू येतं. हॉटेलात बँक्वेट हॉल असेल तर त्याच्या बरोबर वरची खोलीही नको म्हणा.

‘चांगली खोली द्या’ म्हटलं की समोरच्याला काय करायचं तेच कळत नाही. ‘शांत हवी, मागच्या बाजूची चालेल’ म्हटलं की तो कॉम्प्युटरमधे बघतो तरी, कारण त्याच भाड्याच्या खोल्यांत कोपऱ्यातली जरा मोठी, एखादीला दोन खिडक्या असले फरक असतातच आणि ते त्याला पाठ असतात.

आता फुकटच्या अपग्रेडचं. हॉटेलवाले ते प्रेमापोटी देत नाहीत. स्वस्तातल्या खोल्या आहेत त्यापेक्षा जास्त विकल्या गेल्या की कुणाला तरी वरच्या कॅटेगरीत ढकलावंच लागतं, मग आधी नंबर त्यांच्या मेंबरांचा, म्हणजे हॉटेल कंपनीच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठीच्या योजनेत नाव नोंदवलेल्यांचा, आणि थेट हॉटेलकडे बुक केलेल्यांचाही विचार होतो कारण तिथे ट्रॅव्हल साईटला कमिशन द्यावं लागत नाही. मेंबरशिप बहुतेक ठिकाणी फुकट असते, घेऊन ठेवा. एकच रात्र राहणाऱ्याला मोठी खोली देणं सोपं, चार रात्री अडकवणं अवघड. ऑफिसवाल्यांची हॉटेलं शनिवार-रविवारी रिकामी असतात आणि रिसॉर्ट आठवड्याच्या मधल्या दिवसांत, तेव्हा मागून बघा. खोटा हनिमून किंवा वाढदिवस सांगू नका बाई, केक येतो, खोली तीच राहते.

प्रश्न : आणि आत गेल्यावर खोली आवडलीच नाही तर?

उत्तर : तर पलंगावर अंग टाकायच्या आधी, बाथरूम वापरायच्या आधी खाली या! एकदा वापरली की ती खोली हाऊसकीपिंगला परत साफ करावी लागते आणि मग त्यांचाही बदलून द्यायचा उत्साह जातो. आत शिरल्या शिरल्या पडदा सरकवा, एसी लावून आवाज ऐका आणि दाराच्या मागे आग लागली तर बाहेर कसं पडायचं त्याचा नकाशा असतो तो वाचा. त्यात बऱ्याचदा मजल्यावरच्या सगळ्या खोल्या काढलेल्या असतात, लिफ्ट कुठे, जिना कुठे, कोपऱ्यातली मोठी कुठली. त्याचा फोटो काढून काउंटरवर जायचं आणि ‘ही टोकाची रिकामी आहे का’ एवढंच विचारायचं, आवाज न चढवता. गर्दी असेल तर पाच मिनिटं थांबा, मागे रांग असताना कुणीही नाहीच म्हणतं.